धोंडोपंतांची गळती

पोटभर जेवून उठलेला माणूस तासाभरातच भुकेनं भोवळ येऊन खाली बसला, असं तुम्ही कधी पाहिलं आहे का? अबोलीनं पाहिलं होतं, आणि एकदा नव्हे, गेले कित्येक दिवस. फक्त तो माणूस नव्हता. ते धोंडोपंत होते.

धोंडोपंत हे विवरवाडीतले सगळ्यांत जुने यंत्रमानव (रोबॉट). आता ही विवरवाडी कुठे, असं विचाराल, तर मान वर करा. चंद्राच्या दक्षिण टोकाजवळ एक खोल विवर आहे (उल्का आदळून पडलेल्या मोठ्या खड्ड्याला विवर म्हणतात). त्याच्या काठावर काचेचे काही घुमट उभे राहिले, त्यांत माणसं राहायला आली आणि वाडी झाली. तिथला सूर्य डोक्यावर कधी येत नाही. कठड्यावरून चालणाऱ्या मांजरासारखा तो क्षितिजाच्या कडेकडेनं गोल फिरत राहतो. सावल्या लांबच लांब पडतात आणि अगदी सावकाश कूस बदलतात. समोरच्या डोंगरावर निळी पृथ्वी टेकलेली असते, तिचं मात्र कुठं जाणं नाही की येणं नाही. बाहेर हवाच नसल्यामुळे आवाजही नाही. अशा जागी वाढलेली मुलगी स्वप्नाळू निघाली तर तिला बोल लावण्यात अर्थ नाही. तिचं नाव मात्र अबोली ठेवायला नको होतं. ती एक तर कशाकडे तरी एकटक बघत असायची, नाही तर जे बघितलं त्याबद्दल बोलत असायची.

पंतांचं काम धोंडे गोळा करण्याचं, म्हणून ते धोंडोपंत. बुटके, सहा पायांचे, पाठीवर पत्र्याची टोपली. वाडी वसवायला पहिली माणसं आली तेव्हापासून ते चंद्रावरचे धोंडे उचलून, उलटेपालटे करून आणत होते. अबोली चालायला शिकली ती त्यांच्या टोपलीची कड धरून. चंद्रावर वजन पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतकंच भरतं, त्यामुळे तिथलं मूल पहिलं पाऊल टाकतं आणि थेट छताकडे निघतं. पंत तेव्हा शांतपणे म्हणायचे, "हळू. जमीन कुठे पळून जात नाही."

आणि आता हेच पंत रोज सकाळी चार्जिंगच्या खांबाला जाऊन चिकटायचे, खांबावरचा दिवा थोड्याच वेळात हिरवा व्हायचा (म्हणजे पोट भरलं), पंत ऐटीत निघायचे आणि तासाभरात वाटेतच मटकन बसायचे. पोटाला हात लावावा तर कढत. मग कुणीतरी त्यांना उचलून परत आणायचं.

हे काही दिवस चाललं आणि भांडार सांभाळणारे कोठावळेकाका पंतांच्या पाठीवर लाल पट्टी लावून गेले. लाल पट्टी म्हणजे मोडीत. सुटे भाग काढायचे आणि दुसऱ्या यंत्रांना वापरायचे.

अबोली धावतच भांडारात गेली. "काका, ते आजारी आहेत. आजारी माणसाला कुणी मोडीत काढतं का?"

"मला हौस आहे का, बाळा?" काका म्हणाले. ते वाईट नव्हते, पण वाडीची सगळी काळजी आपल्याच डोक्यावर आहे अशा चेहऱ्यानं वावरायचे. "सावलीचे दिवस तोंडावर आलेत. एकदा का सूर्य त्या कड्याआड गेला की साठवलेल्या विजेवर दिवस काढायचे. जो खातो आणि चालत नाही, त्याला पोसायचं कशातून? पंतांच्या भागांतून काहीतरी नवीन होईल."

"नवीन होईल ते पंत नसतील."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. दूर टेकाडावर वाडीचा दीपस्तंभ उभा होता. "बरं, ऐक. सूर्य कड्याआड जायच्या आत पंतांनी इथून दीपस्तंभापर्यंत जायचं आणि परत यायचं. आपल्या पायांनी, आपल्या बॅटरीवर. आले तर राहिले. नाही आले तर मात्र रडायचं नाही."

रडायचं नाही म्हटल्यावर रडू येतंच. अबोली डोळे पुसत गेली ती थेट ऋजुताआत्याकडे.

ऋजुताआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण आणि वाडीतली वीजशास्त्रज्ञ. तिनं पंतांच्या पोटाचं झाकण उघडलं, आतले गोल सेल बघितले आणि जुना मित्र भेटावा तशी हसली. "निकेलचे सेल. यांची सवय आता कुणाला राहिली नाही. अबोली, इकडे ये, तुला आधी पाणी दाखवते."

तिनं एक भरलेलं भांडं आणि एक रिकामं भांडं शेजारी ठेवलं आणि दोन्हींची बुडं एका नळीनं जोडली. नळी उघडताच पाणी धावत सुटलं. खालून रिकामं भांडं भरत आलं तसा त्याचा वेग कमी होत गेला आणि दोन्हीकडची पातळी एक झाल्यावर ते थांबलं.

"पाण्याच्या उंचीला विजेचा दाब (व्होल्टेज) समज," आत्या म्हणाली. "नळीतून वाहतं तो प्रवाह (करंट). आणि नळी जितकी अरुंद, तितका अडथळा जास्त, तो रोध (रेझिस्टन्स). आता सांग, पाणी सुरुवातीला का धावलं?"

"एकीकडे उंच होतं आणि दुसरीकडे काहीच नव्हतं, म्हणून."

"म्हणजे पाणी धावतं ते दोन पातळ्यांमधल्या फरकामुळे. आपला खांब ठरावीक दाब देतो. नवीन बॅटऱ्यांच्या आत राखणदार बसवलेला असतो, तो किती आत घ्यायचं ते बघतो. पंतांच्या सेलांत असा कुणीच नाही. पोट रिकामं, समोर एवढा दाब, मग प्रवाह लोंढ्यानं आत घुसतो आणि सेल तापतात."

"पण दिवा तर हिरवा होतो. भरलं म्हणतो."

"तू कधी घाईनं ताक ओतलं आहेस?"

अबोलीनं ओतलं होतं. फेस भांड्याच्या काठापर्यंत येतो आणि भांडं भरल्यासारखं वाटतं. फेस बसला की कळतं, ताक तळाशीच आहे.

"तसंच," आत्या म्हणाली. "लोंढा आत शिरत असताना सेलचा दाब वर चढलेला दिसतो. खांब फसतो आणि भरलं म्हणतो. पंत उठतात ते फेस पिऊन."

तर पंतांच्या भुकेचं कोडं सुटलं होतं. कोडं सुटलं म्हणून भूक काही भागत नाही.

पहिला उपाय आत्यानं सरळ केला. वाटेत एक रोधक (रोध निर्माण करणारा छोटा भाग) घातला, म्हणजे नळी अरुंद केली. सोळा व्होल्टचा दाब घेतला. पंतांच्या रिकाम्या पोटाचा स्वतःचा दाब होता दहा व्होल्ट, म्हणजे फरक सहाचा. पोट भरत आलं तेव्हा त्याचा दाब चौदा झाला, म्हणजे फरक उरला दोनचा. सुरुवातीला जेवढा प्रवाह जात होता, त्याचा शेवटी फक्त तिसरा हिस्सा. सुरुवातीला जास्त झालं म्हणून पोट गरम, शेवटी इतकं कमी की भरता भरेना. रोध वाढवावा तर शेवटी थेंब थेंब. पंत आधीपेक्षा बरे चालले, पण दीपस्तंभाच्या अर्ध्या वाटेवर बसलेच.

"आपल्याला असा प्रवाह हवा," आत्या म्हणाली, "जो पोट रिकामं असो की भरत आलेलं, सारखाच राहील. त्याला स्थिर प्रवाह (कॉन्स्टंट करंट) म्हणतात. परिपथ (सर्किट) मला येतो. पण पंतांना रोज जेवायला तू घालणार आहेस. तुला कळल्याशिवाय मी जोडणार नाही. खालचं भांडं किती भरलंय ते न बघता वाहणारं पाणी मला दाखव, मग आपण बसू."

अबोलीनं वाडीतला प्रत्येक नळ, प्रत्येक टाकी, प्रत्येक नळी पालथी घातली. तिला असं पाणी कुठंच मिळेना. आणि बाहेर सूर्य कड्याच्या दिशेनं सरकत होता.

त्याच सुमारास वैशाख लागला. म्हणजे पृथ्वीवर लागला. घुमटात बारा महिने हवा एकसारखी असते, तिथं कसला वैशाख आणि कसलं ऊन. पण अबोलीचे बाबा म्हणायचे, तिकडे लागला ना, मग इकडेही लागला. वैशाखात तुळशीवर गळती लावायची असते. गळती म्हणजे बुडाला बारीक भोक पाडलेलं भांडं. ते तुळशीच्या वर टांगतात, भोकात दोऱ्याचं टोक अडकवतात आणि त्यातून दिवसभर थेंब थेंब पाणी रोपावर पडत राहतं. बाबांनी घुमटातल्या तुळशीवर अशी गळती टांगली आणि शेजारी आराम करत बसलेल्या धोंडोपंतांना सांगितलं, "पंत, तुळशीवर गळती लावली आहे. जरा लक्ष ठेवा."

पंतांनी ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाबा बघतात तर तुळस मान टाकून उभी, वरचं भांडं काठोकाठ भरलेलं आणि थेंबाचा पत्ता नाही. भोकावर काळा हवाबंद लेप असा काही घट्ट बसवलेला की अंतराळयानाच्या खिडकीला शोभावा.

"गळती बंद केली आहे," पंतांनी अभिमानानं सांगितलं.

बाबा आधी हसले. मग कोठावळेकाकांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि हसू मावळलं. "पाय गेले, आता डोकंही गेलं," काका म्हणाले. ते एवढंच म्हणाले, पण त्यांनी पंतांच्या पाठीवरची लाल पट्टी पुन्हा एकदा अंगठ्यानं दाबून बसवली, ते अबोलीनं पाहिलं.

सगळे गेल्यावर ती पंतांजवळ जमिनीवर बसली.

"पंत, गळती का बंद केलीत?"

"गळती दिसली की बंद करायची, हा मला शिकवलेला पहिला नियम," पंत म्हणाले. "वाडीतली हवा गळतीतून जाते. पाणी गळतीतून जातं. तुझ्या बाबांनी स्वतः सांगितलं, गळती आहे, लक्ष ठेवा. गळती कुणी मुद्दाम लावतं हे माझ्या माहितीत नव्हतं."

"ही वेगळी गळती."

"दिसायला तशीच होती."

अबोलीनं स्टुलावर चढून नखानं लेप खरवडला, दोरा नीट केला आणि खाली येऊन पंतांच्या शेजारी आडवी झाली. भोकाशी थेंब जमू लागला. चंद्रावरचे थेंब बघण्यासारखे असतात. वजन कमी, त्यामुळे ते सहजासहजी सुटत नाहीत, फुगत राहतात. मग एकदाचा थेंब सुटतो आणि घाई नसल्यासारखा खाली येतो. कलत्या उन्हात तो वरपासून खालपर्यंत चमकताना दिसतो. त्यात एकदा अबोलीला निळी पृथ्वी उलटी दिसली. तुळशीच्या पानावर पडून तो फुटला आणि मातीत गेला, तोवर वर दुसरा तयार होता.

"माती पुरेशी ओली झाली की हे थेंब आपोआप हळू पडतात का?" पंतांनी विचारलं.

"नाही हो. थेंबाला काय कळतंय, खाली माती कोरडी आहे की ओली. तो वरून सुटला की..."

अबोली मध्येच गप्प झाली. पंतांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, कारण हे नेहमीचं नव्हतं.

थेंब हवेतून पडत होता. खालचं आणि वरचं जोडणारी नळीच नव्हती. खाली चिखल होवो नाही तर तळं होवो, वर काही कळायला मार्गच नाही. खालचं भांडं किती भरलंय ते न बघता वाहणारं पाणी तिच्या नाकासमोर टांगलेलं होतं, आणि ती वाडीभर नळ बघत फिरली होती.

पण बघता बघता तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. भांड्यातलं पाणी उतरत गेलं तसे थेंब उशिरा उशिरा पडायला लागले. तिचा चेहरा उतरला. "हे पण सारखं राहत नाही, पंत. वरचं पाणी कमी झालं की ढकलणारा दाब कमी होतो."

"त्यात काय," पंत म्हणाले. "मी बसतो इथं. थेंब मंदावले की वरून थोडं पाणी घालीन. जास्त झाले की थांबेन. माझ्याकडून चूक झाली आहे, एवढं तर मी करू शकतो."

ते खरंच बसले. सोंडेसारख्या हातात लोटी धरून ते थेंबांकडे बघत राहिले आणि थेंब अगदी एका चालीनं पडू लागले. अबोली थोडा वेळ बघत राहिली आणि मग जी उठून पळाली ती चप्पल न घालताच.

"आत्या, मिळालं. आणि नुसतं पाणी पुरत नाही. थेंबांकडे बघत बसणारा एक जण लागतो. थेंब कमी झाले की वाढवणारा आणि वाढले की कमी करणारा."

आत्यानं हातातलं काम खाली ठेवलं. तिचे डोळे चमकले. "तो एक जण माझ्या खणात आहे," ती म्हणाली.

तिनं खणातून बोटाच्या पेराएवढा एक काळा तुकडा काढला. त्याला तीन पाय होते. "हा दाब नियामक (रेग्युलेटर). पंतांचा लहान भाऊ म्हण. याचा एकच हट्ट असतो. याच्या दोन पायांमध्ये नेहमी सव्वा व्होल्टच दाब राहिला पाहिजे. त्याहून वाढला की तो आपलं दार थोडं ओढून घेतो, कमी झाला की उघडतो. आता आपण या दोन पायांमध्ये एक रोधक जोडायचा आणि पंतांच्या पोटात जाणारा सगळा प्रवाह त्यातूनच न्यायचा. रोधकातून प्रवाह गेला की त्याच्या दोन टोकांमध्ये दाब तयार होतो. किती? प्रवाह गुणिले रोध."

"म्हणजे रोध तोच आणि दाब सव्वाच, तर प्रवाहसुद्धा बदलू शकत नाही," अबोली सावकाश म्हणाली. "वाढला तर सव्वाच्या वर जाईल आणि हा दार ओढेल."

"हा थेंब मोजत नाही, सव्वा व्होल्ट मोजतो. काम तेच. आता प्रवाह किती ठेवायचा? पंतांच्या सेलांची धारणा (किती वीज मावते ते माप) आहे पाच अँपिअर-तास. जुन्या सेलांना सावकाश भरवायचं असेल तर त्याचा दहावा हिस्सा घ्यायचा."

"अर्धा अँपिअर."

"मग रोध?"

अबोलीनं डोळे मिटले. अर्ध्याला कशानं गुणलं की सव्वा येतात? "अडीच," ती म्हणाली. "अडीच ओहम."

अडीच ओहमचा रोधक आत्याकडे नव्हता. पाचाचे दोन होते. ते तिनं शेजारी शेजारी जोडले. पाण्याला एकाऐवजी दोन सारख्या वाटा मिळाल्या की अडथळा निम्मा होतो, तसे पाचाचे अडीच झाले. या वेळी तिनं वाडीच्या चोवीस व्होल्टच्या तारेला हात घातला. गळती तुळशीच्या बरीच वर टांगावी लागते, तसा वरचा दाबही पंतांच्या पोटापेक्षा चांगला जास्त हवा. नाही तर पोट भरत आल्यावर नियामकाच्या हातात काही उरतच नाही. जास्तीचा दाब तो स्वतःच्या अंगावर घेतो आणि त्यामुळे तापतो, म्हणून त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा लावला. सेलांपैकी एक खरोखरच गेलेला निघाला. तो कोठावळेकाकांनी कुरकुरत का होईना, भांडारातून बदलून दिला.

सगळं जोडून झालं. प्रवाह मोजणाऱ्या मापकाचा काटा अर्ध्यावर जाऊन उभा राहिला आणि तिथून हलेना.

"आता शेवटचा प्रश्न," आत्या म्हणाली. "हे थांबवणार कोण?"

अबोलीला आधी कळलं नाही. मग तिला गळती आठवली. थेंबाला खालचं काही कळत नाही, हे किती छान वाटलं होतं. पण मग माती चिखल झाली तरी तो पडतच राहणार. मुळं कुजतील. बाबा म्हणूनच माती भिजली की भांडं उतरवून ठेवत.

"भरलेल्या सेलमध्ये प्रवाह जात राहिला तर त्याचं काय होतं?"

"साठायला जागा नसते, मग त्याची उष्णता होते. आपला प्रवाह लहान आहे, म्हणून सेल एकदम कढत होणार नाहीत. आधी कोमट होतील. कोमट झाले की समजायचं, भरलं. साधारण चौदा तास लागतील. हिशोबानं दहा व्हायला हवेत, पण थोडी वीज वाटेत उष्णतेत जातेच."

"माझ्या पोटात तापमापक आहे," पंत म्हणाले. "कोमट झालं की मी पुरे म्हणेन."

"भिडेखातर आधीच पुरे म्हणायचं नाही हं, पंत," आत्यानं दटावलं. "इथं तुम्ही पाहुणे नाही."

अबोली पंतांच्या शेजारी अंथरूण घालून झोपली. मधूनमधून जाग आली की ती मापकाकडे बघायची. काटा अर्ध्यावर. पंतांच्या पोटाला हात लावायची. गार. आतापर्यंत त्या पोटाला हात लावला की चटका बसायचा. तिला झोपेत वाटत राहिलं की कुठंतरी फार मोठ्या गळतीतून चमकते थेंब पडताहेत, एकामागून एक, आणि त्यांना कसलीही घाई नाही.

"पुरे," पंत म्हणाले तेव्हा तिचा हात त्यांच्या पोटावरच होता आणि ते नुकतंच कोमट झालं होतं.

सूर्याची कड कड्याला टेकली होती, तेव्हा पंत वाडीच्या दारातून बाहेर पडले. बाबा, आत्या, कोठावळेकाका आणि अबोली काचेशी उभे होते. पंतांची सावली त्यांच्यापुढे इतकी लांब पडली होती की ते निघण्याआधीच ती टेकाडावर पोचलेली दिसत होती. त्यांच्या सहा पायांखालून धूळ उडायची आणि तशीच सरळ खाली बसायची. कसलाच आवाज नव्हता. अर्धी वाट आली. इथंच ते मागच्या वेळी बसले होते. पंत त्याच चालीनं पुढे गेले, टेकाड चढले, दीपस्तंभाला हात लावला आणि परत वळले.

परतीच्या वाटेत ते थांबले.

पंत वाकलेले दिसत होते. काकांनी मान खाली घातली. अबोलीच्या डोळ्यांत पाणी जमा झालं, आणि चंद्रावर तेही सहज ओघळत नाही, तसंच डोळ्यांत थरथरत राहतं. तिला समोरचं काही दिसेना.

मग रेडिओवर पंतांचा आवाज आला. "इथं एक धोंडा बरा दिसतो आहे. आणू का? ओझं वाढेल, पण पोटात अजून आहे."

आत्या काही बोलणार होती. तिच्या आधी कोठावळेकाकाच माईकपाशी गेले. "आणा," ते म्हणाले. "आणा, पंत."

पंत धोंडा घेऊन आत आले. लाल पट्टी काकांनी स्वतः काढली. तिचा चिकटा नीट निघेना, तर ते रुमालानं पुसत बसले. पुसता पुसता त्यांचा हात थांबला आणि ते कितीतरी वेळ पंतांच्या पाठीकडे बघत राहिले. मग खिशातून किल्ली काढून ते चालू लागले. बाकीचे त्यांच्या मागोमाग गेले.

मोडीची खोली विवराच्या बाजूला होती. मुलांना तिथं जायला बंदी होती. काकांनी दार उघडलं. आत रांगेनं यंत्रं उभी होती. पाणी वाहणारी, घुमट धुणारी, रोपं लावणारी. सगळ्यांच्या पाठीवर लाल पट्टी. वाडीच्या पहिल्या दिवसांतली, पंतांच्या बरोबरची.

"यातली काही सुट्या भागांसाठी खोललीही मी," काका म्हणाले. "ऋजुता, खरं सांग. यांतली किती मेली होती आणि किती मी घाईघाईनं खायला घालून मारली?"

"सगळी उठणार नाहीत," आत्या त्यांना हलकेच म्हणाली. "पण काही उठतील."

अबोली रांगेतून फिरत होती. एका कोपऱ्यात घंटेएवढं लहानसं यंत्र होतं. सकाळ झाली की घुमटाघुमटांतून फिरून लोकांना उठवण्याचं काम ते पूर्वी करायचं, असं पंतांनी सांगितलं. अबोलीनं त्याचं झाकण उघडलं, सेलवरचा आकडा वाचला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

"याची धारणा अडीच," ती म्हणाली. "म्हणजे पाव अँपिअर. म्हणजे पाच ओहम. आत्या, या वेळी दोन नको, एकच रोधक दे."

आत्यानं रोधक तिच्या हातावर ठेवला.

सूर्य कड्याआड गेला. सावलीचे दिवस सुरू झाले. वाडीतले दिवे मंद केले आणि सगळीकडे फक्त पृथ्वीचा निळसर उजेड उरला. मोडीच्या खोलीत मापकाचा काटा पावावर स्थिर उभा होता. अबोली एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला, दोघांचाही हात त्या लहान यंत्रावर. एवढ्या थोड्या विजेनं वाडीचं काही अडणार नव्हतं. काका मध्येच विचारायचे, "काही हललं का?" आणि अबोली मान हलवून नाही म्हणायची.

मग त्याच्या कपाळावरचा दिवा लागला. आधी इतका अंधूक की भास वाटावा. मग जरा अधिक. बऱ्याच वर्षांच्या झोपेतून उठल्यासारख्या जड आवाजात त्यानं विचारलं, "सकाळ झाली का?"

काकांनी अबोलीकडे पाहिलं. बाहेर सगळीकडे सावली होती आणि मागे रांगेत बाकीची यंत्रं आपली पाळी यायची वाट बघत उभी होती.

"होतेय," अबोली म्हणाली. "हळूहळू होतेय."